खडकांचे बंदर, तांडेलाची वाट

डिसेंबरच्या सुटीतील सकाळ. मालवणच्या जेट्टीवर पर्यटकांची रांग लागलेली असते. समोर, हाकेच्या अंतरावर वाटावा इतका जवळ, सिंधुदुर्ग किल्ल्याचा काळाभोर तट पाण्यातून वर आलेला दिसतो. तिकीट काढून मंडळी होडीत बसतात, इंजिन सुरू होते आणि होडी किल्ल्याच्या दिशेने सरळ न जाता तिरकी वळते. काही अंतर गेल्यावर ती पुन्हा दिशा बदलते. अशा वेळी होडीतला एखादा चौकस प्रवासी हमखास विचारतो, ‘काका, किल्ला तर हा समोर दिसतोय. मग एवढा वळसा कशाला?’ सुकाणूवर बसलेला तांडेल पाण्यावरची नजर न हलवता हाताने बाजूचा भाग दाखवतो. तिथे काहीच नसते. निळे, संथ पाणी तेवढे असते.

त्या ‘काहीच नसण्या’तच या बंदराची सारी कथा दडलेली आहे. मालवणचे बंदर सुरक्षित आहे ते पाण्याखालच्या खडकांमुळे आणि अनोळखी माणसासाठी ते धोकादायक आहे तेही त्याच खडकांमुळे. पर्यटक तिकिटाचे पैसे मोजतो तेव्हा तो होडीतली जागा आणि इंजिनातले डिझेल विकत घेतो, असा त्याचा समज असतो. प्रत्यक्षात तो विकत घेत असतो एका माणसाच्या डोक्यातला नकाशा. हा नकाशा कसा तयार होतो, तो कसा वाचला जातो आणि आज तो पुसट का होऊ लागला आहे, हे समजून घेण्यासारखे आहे.

खडक राखणदारही, वैरीही

अरबी समुद्रातून किनाऱ्याकडे येणारी लाट ही प्रत्यक्षात पाण्याचा पुढे जाणारा लोट नसून पाण्यातून पुढे सरकणारी शक्ती असते. खोल समुद्रात तिचा फारसा गाजावाजा नसतो. तळ जवळ येऊ लागला की लाटेचा खालचा भाग मंदावतो, माथा उंचावतो आणि पुढे झुकतो. लाटेच्या उंचीच्या साधारण सव्वापट खोलीवर ती फुटते. म्हणजे मीटरभर उंचीची लाट सुमारे सव्वा मीटर पाण्यात कोसळते. मालवणच्या समोर समुद्रात खडकांच्या रांगा पसरलेल्या आहेत. काही कायम पाण्याबाहेर, काही ओहोटीला डोके वर काढणाऱ्या, तर काही कधीच न दिसणाऱ्या. बाहेरची लाट या रांगांवर फुटते, तिची शक्ती तिथेच खर्च होते आणि आत पोहोचते ती नुसती हेलकावणारी सळसळ. त्यातच कुरटे बेटाचा, म्हणजे ज्यावर सिंधुदुर्ग उभा आहे त्या बेटाचा, आडोसा मिळतो. म्हणून हिवाळ्यात मालवणच्या आतल्या पाण्यात लहान मुलेही निर्धास्त बसून प्रवास करू शकतात.

परंतु हेच खडक आत येणाऱ्या नौकेची वाट अडवतात. मुंबईहून कोकणकिनाऱ्याने जाणाऱ्या आगबोटींच्या काळात मोठी बोट बाहेर खोल पाण्यात उभी राहत असे आणि प्रवासी पडावात उतरून किनारा गाठत. बोटीचा कप्तान कितीही अनुभवी असला तरी शेवटचा टप्पा स्थानिक होडीवाल्याच्याच स्वाधीन असे.

खडक ओळखण्याची पहिली खूण म्हणजे फेस. वारा पडलेला असताना एखाद्या ठिकाणी पाणी वारंवार पांढरे होत असेल, तर तिथे तळ वर आलेला आहे, हे उघड असते. फेस दाखवणारा खडक त्यामानाने प्रामाणिक म्हणायचा. खरा धोका असतो तो पूर्ण भरतीच्या वेळी आणि लाट नसलेल्या दिवशी. तेव्हा खडकावर हात-दोन हात पाणी असते. ते होडीच्या तळाला पुरेल की नाही, हे पृष्ठभागावरून कळत नाही. पर्यटकाला सर्वांत सुंदर आणि निर्धोक वाटणारा समुद्र तांडेलाला म्हणूनच सर्वाधिक सावध करतो.

फेस नसेल तेव्हा उपयोगी पडतात त्या जमिनीवरच्या खुणा. कोकणातला मच्छीमार पिढ्यान्‌पिढ्या एक साधी भूमिती वापरत आला आहे. किनाऱ्यावरची जवळची एक वस्तू आणि तिच्यामागची दूरची एक वस्तू एका रेषेत आली की आपण समुद्रात त्या रेषेवर आहोत, हे ठरते. समजा, देवळाचे शिखर आणि मागच्या डोंगराची खिंड एका ओळीत दिसत आहेत. दुसऱ्या बाजूला किल्ल्याचा एखादा बुरूज आणि दूरचा माड जुळला की दुसरी रेषा मिळते. दोन रेषा जिथे छेदतात ते आपले स्थान. आज उपग्रहावर चालणारी उपकरणे हेच काम करतात. पण उपकरणाकडे पाहण्यासाठी समुद्रावरची नजर काढावी लागते. खुणा पाहताना नजर समुद्रावरच राहते.

इतिहासातला जाणकार

या पाण्याखालच्या नकाशाचे मोल ओळखणारे सर्वांत थोर नाव अर्थातच छत्रपती शिवाजी महाराजांचे. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी सिंधुदुर्गाच्या बांधकामाचा मुहूर्त झाला. मालवणच्या किनाऱ्यावरील ‘मोरयाचा धोंडा’ हे त्या मुहूर्ताचे स्थान आजही दाखवले जाते. त्यानंतर सुमारे तीन वर्षे काम चालले. हिरोजी इंदुलकर यांच्या देखरेखीखाली उभा राहिलेला हा किल्ला सुमारे ४८ एकरांवर पसरलेला असून तटाची लांबी सुमारे तीन किलोमीटर भरते. पायाचे दगड बसवताना शिसे ओतण्यात आले होते.

स्थापत्याचे कौतुक नेहमीच होते. पण या बेटाची निवड का झाली, हा प्रश्न त्याहून महत्त्वाचा आहे. परकीयांची तोफा लादलेली जहाजे खोल बुडायची. त्यांना भरपूर पाणी लागायचे. मालवणच्या खडकांमधून अशा जहाजाला तटाजवळ येणे म्हणजे आत्मघातच. उथळ तळाच्या देशी गलबतांना आणि होड्यांना मात्र वाट ठाऊक असेल तर सहज ये-जा करता येई. म्हणजे किल्ल्याचा पहिला तट दगडाचा नव्हताच. तो समुद्राने आधीच बांधून ठेवलेला होता. त्या तटातले दरवाजे कुठे आहेत, हे स्थानिक दर्यावर्दींना माहीत होते आणि त्यांच्याकडून ती माहिती घेण्याइतका मोठेपणा महाराजांकडे होता. या कामी साहाय्य करणाऱ्या कोळ्यांना गावे इनाम मिळाल्याची परंपरा सांगितली जाते. किल्ल्याचा महादरवाजाही बुरुजांच्या वळणात असा लपवलेला आहे की होडी अगदी जवळ जाईपर्यंत तो दिसत नाही. आजचा तांडेल पर्यटकांना तो दरवाजा ‘शोधा पाहू’ म्हणून विचारतो, तेव्हा तो नकळत साडेतीनशे वर्षांपूर्वीचीच युक्ती उलगडून दाखवत असतो.

तिथी आणि पाऊणपट

खडक जागच्या जागी असतात. त्यांच्यावरचे पाणी मात्र सतत बदलते. त्यामुळे तांडेलाचा नकाशा दिवसाच्या प्रत्येक तासाला निराळा असतो. चोवीस तास पन्नास मिनिटांच्या अवधीत आपल्या किनाऱ्यावर दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते. साहजिकच भरतीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास सूर्य आणि चंद्र यांचे आकर्षण एका रेषेत येते, तेव्हा उधाणाची भरती येते. पाणी खूप चढते आणि तितकेच उतरतेही. अष्टमीच्या आसपास ही दोन आकर्षणे काटकोनात असल्यामुळे भांगाची भरती येते आणि पाण्याचा चढउतार कमी राहतो.

भरतीची वेळ काढण्याचा कोकणातला जुना हिशेब मोठा सुटसुटीत आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करावी. येईल तितक्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. मुंबई बंदराशी हे गणित ढोबळमानाने जुळते. दक्षिणेकडे भरती काहीशी आधी येते. त्यामुळे मालवणसारख्या ठिकाणी त्यातून काही वेळ वजा करावा लागतो. छापील कोष्टकांच्या आधी आणि घड्याळे दुर्मीळ असतानाही दिनदर्शिकेतल्या तिथीवरून होडी केव्हा लोटायची, हे ठरत असे, ते याच आधारावर.

या हिशेबातून पर्यटनाशी थेट संबंध असलेली एक गोष्ट लक्षात येते. पौर्णिमा-अमावास्येच्या दिवशी मध्यान्हीच्या आगेमागे पाणी भरलेले असते. दुपारनंतर ते वेगाने उतरते आणि संध्याकाळी तळ गाठते. म्हणजे गर्दी परतायला निघते, नेमके त्याच वेळी सकाळची वाट उथळ झालेली असते. सकाळी ज्या खडकावरून होडी सहज गेली, त्यालाच संध्याकाळी वळसा घालावा लागतो. जवळच्याच पद्मगडाकडे तर ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावरून चालत जाता येते आणि भरतीला तोच भाग पाण्याने वेढला जातो. ‘अजून अर्धा तास थांबू द्या, फोटो राहिलेत,’ असा आग्रह धरणाऱ्या मंडळींना तांडेल हातातील घड्याळ दाखवत नाही, तटाच्या पायथ्याशी उघडा पडू लागलेला शेवाळी पट्टा दाखवतो. त्याचे घड्याळ तेच असते.

वारा, बावटा आणि पावसाळा

पाण्याइतकाच वाऱ्याचाही अभ्यास लागतो. हिवाळ्यात पहाटे जमीन समुद्रापेक्षा थंड असते. त्यामुळे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा वाहतो. तो मंद असतो आणि किनाऱ्याजवळच्या पाण्याला सपाट ठेवतो. ऊन चढले की जमीन तापते, वरची हवा हलकी होऊन वर जाते आणि तिची जागा घ्यायला समुद्राकडून खारा वारा आत येतो. दुपारी तो जोर धरतो आणि पाण्यावर लहान-लहान, पण नेटाच्या लाटा उठवतो. डॉल्फिन पाहण्याच्या फेऱ्या सकाळी लवकर काढतात, यामागे हेच मुख्य कारण आहे. संथ पाण्यावर पाठीचा पर दुरूनही दिसतो. दुपारच्या खळबळीत तो लाटांत हरवतो.

वारा आणि पाण्याचा ओढा समोरासमोर आले की स्थिती आणखी बदलते. ओहोटीचे पाणी खाडीतून बाहेर धावत असताना समुद्राकडून वारा आणि लाटा आत येत असतील, तर लाटा आखूड आणि उभ्या होतात. तारकर्लीच्या पुढे, देवबागजवळ कर्ली नदी समुद्राला मिळते, तिथे हा प्रकार स्पष्ट दिसतो. नदीच्या आतल्या बाजूला आरशासारखे पाणी असते आणि मुखाशी, वाळूच्या उथळ पट्ट्यावर, लाटा एकमेकींवर आदळत असतात. त्या काही मीटरांत नौका चालवणे हे अर्ध्या तासाच्या शांत सफरीपेक्षा अवघड काम असते.

याखेरीज दूरच्या समुद्रातली वादळे आहेत. कित्येकदा आकाश निरभ्र असते, वारा नसतो. तरीही शेकडो मैलांवर उठलेल्या लांब लाटा किनाऱ्यावर येऊन थडकतात. हैदराबादचे ‘इन्कॉइस’ हे सागरी माहिती केंद्र अशा लाटांचे इशारे देते. हवामान खात्याच्या सूचनेनुसार बंदरावर धोक्याचा बावटा चढतो. कोकणात ‘तीन नंबरचा बावटा लागला’ हे वाक्य वर्तमानपत्र न वाचणाऱ्यालाही समजते. बंदरात जोराचा वारा आणि खवळलेला समुद्र अपेक्षित आहे, असा त्याचा अर्थ. पावसाळ्यात तर सगळेच थांबते. राज्यात १ जून ते ३१ जुलै हा यांत्रिक नौकांसाठी मासेमारीबंदीचा काळ असतो आणि मालवणची किल्ल्याची होडी वाहतूकही साधारणपणे मेअखेरीपासून ऑगस्टअखेरीपर्यंत बंद राहते. होड्या किनाऱ्यावर ओढून, माडाच्या झावळ्यांनी किंवा ताडपत्रीने शाकारून ठेवल्या जातात. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण होतो. पण अनुभवी माणूस त्यानंतरही पाण्याचा नूर पाहूनच होडी लोटतो.

होडीतली माणसे

समुद्राचा हिशेब पुरा झाल्यावर उरतो तो होडीतल्या माणसांचा. प्रवासी होडीत पंचवीस माणसे बसली, तर सरासरी साठ किलो धरले तरी दीड टन वजन झाले. हे वजन तळाशी आणि दोन्ही बाजूंना सारखे असेपर्यंत होडी स्थिर राहते. माणसे उभी राहिली की वजनाचा मध्य वर सरकतो. ‘डॉल्फिन, डॉल्फिन!’ अशी आरोळी उठताच सगळे एका अंगाला धावले की तो बाजूलाही सरकतो आणि नेमकी त्याच क्षणी आडवी लाट आली, तर होडीला सावरायला वाव राहत नाही. म्हणून लाटेला होडीची कूस न देता नाळ द्यायची आणि प्रवाशांना बसवून ठेवायचे, हे तांडेलाचे दोन मूलभूत नियम. पहिला तो स्वतः पाळू शकतो. दुसऱ्यासाठी त्याला प्रवाशांवर विसंबावे लागते. ‘ताई, बसून घ्या’ हे त्याचे वाक्य दरडावणीचे वाटले तरी त्यामागे भौतिकशास्त्र असते.

हे नियम मोडल्याची किंवा हवामानाकडे दुर्लक्ष झाल्याची किंमत किती असते, याचा विसर पडू नये. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ स्कूबा डायव्हिंगहून परतणारी पर्यटकांची नौका उलटली आणि दोघांना प्राण गमवावे लागले. पावसाळा तोंडावर आला होता. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवे ऑफ इंडियाहून घारापुरीकडे निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर चाचणीवर असलेली नौदलाची वेगवान नौका आदळली. त्या दुर्घटनेत १५ जण मृत्युमुखी पडले. दोन्ही घटनांची कारणे निराळी आहेत. मुंबईच्या घटनेत तर प्रवासी बोटीच्या चालकाच्या हाती फारसे काही नव्हते. मात्र एक धागा समान आहे. किनारा डोळ्यांना दिसत असला की माणूस स्वतःला सुरक्षित समजतो आणि जीवरक्षक जाकीट बाकाखालीच राहते किंवा बंद न बांधता नुसते गळ्यात अडकवले जाते. पाण्यात पडल्यावर सैल जाकीट वर सरकते आणि माणूस त्यातून खाली निसटतो.

तळाशी वसलेले गाव

खडक हे केवळ अडथळे नाहीत. त्यांच्यावर प्रवाळ, समुद्रशैवाल, शिंपले, खेकडे, रंगीत मासे यांचे एक गावच वसलेले आहे. म्हणूनच १९८७ साली मालवणच्या परिसरातील २९.१२ चौरस किलोमीटरचा भाग सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाला. पद्मगड आणि आसपासचे खडक त्याच्या गाभ्यात येतात. घोषणा झाली तरी स्थानिक मच्छीमारांचा विरोध दीर्घकाळ टिकून राहिला. आपल्या पारंपरिक मासेमारीवर गदा येईल, ही त्यांची भीती होती आणि ती अनाठायी म्हणता येणार नाही. मात्र आज त्याच प्रवाळांमुळे पर्यटक पाण्यात उतरतात आणि अनेक घरांच्या चुली पेटतात.

प्रवाळाचा सांगाडा अतिशय सावकाश वाढतो. अनेक जाती वर्षाला काही मिलिमीटरच वाढतात. त्यावर एक लोखंडी नांगर आपटला की कित्येक वर्षांची वाढ एका क्षणात तुटते. हात लावणे, पायाने आधार घेणे, आठवण म्हणून तुकडा उचलणे यांचाही परिणाम तोच. खडक निर्माण करणारे प्रवाळ आणि डॉल्फिन हे दोन्ही वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. म्हणजे त्यांना वाघाइतकेच संरक्षण आहे. मालवणच्या किनाऱ्यालगत वावरणारा पाठीवर उंचवटा असलेला डॉल्फिन कोकणी माणसाच्या बोलीत ‘गादा’ म्हणून ओळखला जातो. जाणता तांडेल गाद्याच्या मागे होडी लावत नाही. कळप कोणत्या दिशेने चालला आहे ते पाहून तो बाजूला अंतर राखतो, इंजिन मंद करतो आणि वाट पाहतो. चारी बाजूंनी होड्या घेरल्या की कळप बुडी मारून दूर जातो, पिलाची आणि मादीची ताटातूट होण्याची भीती असते आणि पर्यटकाच्या पदरीही काहीच पडत नाही. वाट पाहणाऱ्या होडीजवळ मात्र तो पुष्कळदा आपणहून येतो.

नकाशा पुढच्या पिढीकडे जाईल?

हे सारे ज्ञान तांडेलाला पर्यटनाने दिलेले नाही. ते मासेमारीने दिले आहे. गाबीत समाजातील मुलगा वडिलांबरोबर रापणीवर जायचा, रात्री जाळी मारायचा, पहाटेच्या काळोखात खडकांतून परतायचा. कुठल्या खडकाशी कुठला मासा, कुठल्या वाऱ्यात कुठले पाणी, हे त्याला पोटासाठी शिकावे लागे. पर्यटकांना फिरवणे हा त्या ज्ञानाचा जोडउपयोग होता.

सिंधुदुर्ग हा १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून घोषित झाला. पुढच्याच वर्षी कोकण रेल्वे पूर्णपणे सुरू झाली आणि पर्यटकांचा ओघ वाढत गेला. २०२१ मध्ये चिपीचा विमानतळ सुरू झाला. जुलै २०२५ मध्ये सिंधुदुर्गासह मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले. हा गौरवच आहे. पण त्याचबरोबर जेट्टीवरची रांगही लांबणार आहे. दुसरीकडे मत्स्यदुष्काळ, मोठ्या यांत्रिक जाळ्यांची स्पर्धा आणि वाढता खर्च यांमुळे लहान मच्छीमाराचा धंदा परवडेनासा झाला आहे. साहजिकच तरुण मुलगा मासेमारी न करता थेट पर्यटनात उतरतो. त्यात गैर काहीच नाही. मात्र केवळ पर्यटकांना फिरवणाऱ्याला समुद्राचे एकच रूप माहीत होते: ऑक्टोबर ते मे, उजेडातले आणि ठरलेल्या वाटेवरचे. वाट मोडण्याची वेळ आली, अचानक वारा फिरला किंवा इंजिन बंद पडले, तर त्या वाटेबाहेरचा नकाशा त्याच्यापाशी असेलच असे नाही.

यावर उपाय नाहीत, असे नव्हे. नौकेची नोंदणी, तपासणी, प्रवासीक्षमता आणि चालकाचा दाखला यांचे नियम आहेत. राज्यात महाराष्ट्र सागरी मंडळ त्यांची अंमलबजावणी करते. त्यांच्या जोडीला जुन्या तांडेलांच्या हाताखाली काही काळ काढण्याची अट असावी, धोक्याचे खडक तरंगत्या खुणांनी दर्शवावेत, स्कूबाच्या ठिकाणी प्रत्येक होडीने नांगर टाकण्याऐवजी कायमस्वरूपी बांधणीचे बोये असावेत आणि भरती-ओहोटीचे रोजचे कोष्टक जेट्टीवर ठळकपणे लागावे, एवढे केले तरी पुष्कळ साधेल. जुन्या माणसांच्या खुणा नोंदवून ठेवण्याचे कामही आताच व्हायला हवे. पाण्याखालच्या या नकाशाची दुसरी प्रत नाही.

पर्यटकाचाही यात वाटा आहे. किती माणसांची परवानगी आहे, जाकीट सर्वांसाठी आहे का, आज पाणी कसे आहे, हे तीन प्रश्न होडीत पाय ठेवण्यापूर्वी विचारण्यात कमीपणा नाही. चांगला तांडेल त्यांनी दुखावत नाही, उलट सुखावतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्याने दिलेला नकार स्वीकारणे. मुंबई-पुण्याहून रात्रभर प्रवास करून आलेल्या कुटुंबाला ‘आज बाहेर जाता येणार नाही’ हे ऐकणे जड जाते. काहीजण हुज्जत घालतात, काही जादा पैसे देऊ करतात, काही दुसरी होडी शोधतात. हंगामाचे मोजके महिनेच हाती असलेल्या माणसाला ते पैसे नाकारणे सोपे नसते. त्याने नाकारले, याचाच अर्थ त्याला समोरच्या निळ्या पाण्यात असे काहीतरी दिसले आहे, जे इतरांना दिसत नाही.

मालवणच्या जेट्टीवर मग असेही दृश्य दिसते. होडी भरलेली आहे, आकाश स्वच्छ आहे, मुले उतावीळ झाली आहेत आणि तांडेल मात्र सुकाणूवर हात ठेवून नुसता खडकांच्या दिशेने पाहत आहे. कुणीतरी घाई करतो. तो म्हणतो, ‘वायच थांबा.’ आणखी दोन-चार लाटा जातात. मग पाण्यातली त्याची वाट मोकळी होते आणि होडी किल्ल्याकडे तिरकी वळते.